अप्पांच्या तोंडातली जिलबी

लग्नाच्या पंगतीत नवऱ्याला घास भरवताना नवरी उखाणा घेते. इतरांकडे ही गंमत असते. आमच्याकडे त्या दोन ओळींसाठी लष्कराला शोभेल असं नियोजन चाललं होतं.

माझी मोठी बहीण स्पृहाताई लहानपणी अडखळत बोलायची. आमचे अप्पा गिरगावातल्या आमच्या चाळीचे नकलाकार. गणपतीच्या कार्यक्रमात ते दरवर्षी तिची नक्कल करायचे, "मा-मा-माझं नाव स्पृ-स्पृ..." पब्लिक लोळायचं. ताई पहिल्या रांगेत असायची. कलाकाराच्या कुटुंबाला ती रांग राखीव होती.

आता ताई आर्किटेक्ट आहे. अडखळणं केव्हाच गेलं. फक्त अप्पा समोर असले की ती बोलत नाही, मान हलवते. अप्पांच्या मते मुलगी शांत स्वभावाची आहे.

"उखाणा घ्यायचाच आहे मला," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर. पण त्यांनी मध्येच तोंड उघडलं तर संपलं रे."

"नाही उघडणार. मी भरून ठेवतो."

दादरच्या हॉलमध्ये मी जिलब्या घेऊन अप्पांना खेटून बसलो. ताईने नवरदेवासमोर, विनीतसमोर, घास धरला, तशी मी अप्पांच्या तोंडात अख्खी जिलबी कोंबली.

"चाळीच्या कठड्याला रोषणाईची माळ..."

स्वच्छ, खणखणीत. मग ताईने श्वास घेतला. अप्पांना वाटलं, पोरगी अडली. त्यांचे डोळे भरून आले होते, शप्पथ. भरल्या तोंडानेच ते म्हणाले, "बो... बो... बोल ना, बाळा."

पंगतीला आलेली अख्खी चाळ हसून फुटली. शेजारच्या कमलाबाईंना ठसका लागला, तरी त्या ओरडल्या, "अप्पा, वन्स मोअर!"

"नाही हो, म-मी खरंच..." अप्पा जिलबीतून सांगू लागले. लोकांना तो पुढचा भाग वाटला. टाळ्या पडल्या.

ताईने विनीतला घास भरवला. उखाण्याची दुसरी ओळ न घेताच.

हात धुवायच्या जागी अप्पांनी तिला गाठलं. "स्पृहा, नक्कल नव्हती गं. जिलबी होती."

तिने नळ बंद केला. ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "त्यांना सांग, मला कळलं. पण त्याआधीच घसा बंद झाला होता."

अप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी त्यांना निरोप सांगितला.