गुलाबदाणीतला फेस

रामनवमीच्या सकाळी सुंठीचं गाडगं शोधायला मथुराबाई कणगीमागं वाकली आणि तिच्या हाताला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. तिनं ते ओढून उजेडात आणलं. आत काळसर काचेच्या बाटल्या होत्या. बुचांवरून तारा आवळलेल्या. एकीची तार मात्र काढलेली होती, बूच नुसतं हातानं दाबलेलं होतं आणि बाटली अर्धी रिकामी होती.

तिनं बूच काढून वास घेतला. चार वर्षं ज्या वासाच्या पावलांनी तिला रात्री जाग यायची, तो हा नव्हता. पण त्याचाच कुणी भाऊबंद होता, हे तिला लगेच कळलं.

बाहेर अंगणात कुंडलिक खांबाला आंब्याचा डहाळा बांधत होता. गिरणीत तो विणाईखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. कार्तिकातल्या सप्त्यात आष्टीकर बुवांच्या हातून त्यानं तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. तेव्हापासून बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहायचा मान त्याला मिळाला होता. पठ्ठ्याचा आवाज मुळातच गोड, माळेनं त्याला धार आली असं सारी गल्ली म्हणायची. म्हणून तर यंदा रामजन्माचा पाळणा कुंडलिकच्या अंगणात बांधायचं ठरलं होतं. पण आमच्या मंडळींचा नेम कडक होता. ज्यानं माळ मोडली त्याचा टाळ सुटला. मग त्यानं चपलांपाशी बसून ऐकायचं. तसा बसलेला माणूस पुन्हा उठून पुढं आलेला कुणी पाहिला नव्हता. तो शेवटी गुत्त्यावरच जाऊन बसतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

"अवो, जरा आत या," मथुराबाई म्हणाली.

बाटल्या बघताच कुंडलिकच्या हातातला डहाळा खाली आला.

"गिरणीच्या साह्यबानं दिल्या. काल सांजच्याला. विलायतेला चाललाय त्यो, आज पहाटंच्या गाडीनं गेला बी असंल. बीर म्हनत्यात हिला. घरीच करायचा. जव भिजवून, तिकडनं आणलेली कसलीशी फुलं घालून. म्हनला, जॉबर, तू माझा मानूस, उरलेली तुला."

"आन् ही अर्धी?"

"त्यानं दोन गिलास भरले."

"दोन," मथुराबाई म्हणाली.

"एक घोट, मथुरे. त्यो हात फुडं करून हुबा. मला न्हाय म्हनता आलं न्हाय. पाडव्याच्या लिंबावानी कडू. आवडली बी न्हाय मला. बाकीचा गिलास मी कुंडीत वतला."

मथुराबाई त्याच्या गळ्याकडं बघत राहिली. चैताचं ऊन, सकाळीच पत्रा तापलेला, आणि ह्यानं सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

"गुंडी सोडा."

त्यानं गुंडी सोडली नाही. हात खिशावर ठेवला. "माळ हितं हाय. घोट घ्यायच्या आधी काढून ठिवली. ती गळ्यात असताना कसं पिऊ?"

"मग परत का न्हाई घातली?"

"बुवांनी घातलेली माळ माझ्या हातानं कशी घालू?"

त्याच्या चेहऱ्याकडं बघून मथुराबाईला रागही धड येईना. देवाला फसवायचं नाही म्हणून माळ उतरवणारा आणि त्याच हातानं गिलास धरणारा हा माणूस तिला नवा नव्हता. पण 'एक घोट' हे दोन शब्दही तिला नवे नव्हते. चार वर्षांत ते तिनं फार ऐकले होते.

"वतून देते," ती म्हणाली.

"कुठं? मोरीचं पाणी मांडवाखालनंच जातंय. बुवांच्या पायापासनं वास उठंल."

"परड्यात पुरा."

"बाया रांगोळ्या काढत बसल्यात तितं."

"सिद्धाप्पाच्या म्हशीला घाला."

"तिच्याच दुधाचा निवद हाय की आज!"

एवढ्यात गोणपाटातून 'टक्' असा आवाज झाला. दोघंही मागं सरली. एका बाटलीचं बूच तारेखाली फुगून वर आलं होतं.

"गार जागी ठिव म्हनला होता साह्यब," कुंडलिक पुटपुटला. "न्हाय तर फुटत्यात."

अंगणातून हाक आली. "कुंडल्या! अरं, हायस का घरात?"

ती रंभाबाई, कुंडलिकची मावशी. कुर्डुवाडीहून खास जन्मोत्सवाला आलेली. आयुष्यभर तपकीर ओढून म्हातारीच्या नाकाला फुलाचा वास कळत नव्हता आणि जळक्या भाजीचाही. पण रामजन्माला पहिलं गुलाबपाणी शिंपडायचा मान तिचा. गुलाबपाण्याची बाटलीही ती स्वतः घेऊन आली होती.

"ही गारव्याला ठिव गं मथुरे," असं म्हणून तिनं ती सुनेच्या हातात दिली.

मथुराबाईनं घाईघाईनं रांजणांमागं सगळ्या बाटल्या ओळीनं ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं. गुलाबपाण्याची बाटली त्याच फडक्याच्या कडेला सरकवली. बारा वाजू देत, आरती होऊ दे, माणसं पांगू देत. मग बघू. एवढं मनाशी म्हणून ती सुंठवडा कुटायला बसली. मुसळीचा प्रत्येक घाव तिला त्या बुचासारखा ऐकू येत होता.

मांडव भरू लागला. शेजारचा सिद्धाप्पा आला. कुंडलिकचा जुना सोबती, गुत्त्यावरचा. माळ घ्यायच्या भानगडीत तो कधी पडला नाही, पण कीर्तन चुकवत नसे.

"जॉबरसाहेब," त्यानं मोठ्यानं विचारलं, "गळ्यापतूर गुंड्या? साह्यब गेला आन् तुमी साह्यब झालात की!"

माणसं हसली. कुंडलिकही हसला आणि टाळ घेऊन आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

बुवा आले. अंगावर शुभ्र उपरणं, कपाळाला बुक्का. त्यांनी पाळण्याला नमस्कार केला, कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज तुझ्या दारी देव येतोय. आवाज मोकळा सोड हं."

कुंडलिकनं मान खाली घातली.

कीर्तनाला उभं राहिलेल्या बुवांना ज्यांनी ऐकलं असेल त्यांनाच ते समजेल. पूर्वरंगात ते हळू बोलत, शेजारी बसून घरचं सांगावं तसं. मग कथा लागली की वीणा छातीशी धरून एक पाऊल पुढं टाकत, आणि मांडवातल्या प्रत्येकाला वाटे, हे पाऊल माझ्याकडं आलं. त्या दिवशी त्यांनी राजवाड्यात कौसल्येच्या बाळंतपणाची वाट बघणारी दासी उभी केली. पाणी तापवून बसलेली, दाराशी कान लावून, आतून आवाज येतो का म्हणून. बाया पदराचं टोक तोंडाला लावून ऐकत होत्या. मांडवावरच्या सुती कापडातून ऊन गाळल्यासारखं येत होतं. पाळण्याची दोरी स्थिर होती.

उत्तररंगात सूर चढले तशी मथुराबाई सुंठवड्याचं ताट भरायला आत वळली. ताट भरून झाल्यावर तिला गुलाबपाण्याची आठवण झाली. फडक्याच्या कडेला मावशीची बाटली होती तशीच होती. बुचावर बांधलेला लाल दोरा शाबूत.

मग मावशीनं मघाशी गुलाबदाणी भरून नेली, ती कशानं?

मथुराबाईनं फडकं उचललं. तारवाल्या साऱ्या बाटल्या होत्या. अर्धी नव्हती. ती मोरीच्या काठावर आडवी पडली होती, रिकामी.

ताट खाली ठेवून ती दारापाशी धावली. पाळण्याच्या उशाशी रंभाबाई उभी होती, नऊवारीचा काष्टा नीट आवळलेला, हातात चांदीची गुलाबदाणी. तिची छाती अभिमानानं भरून आली होती. तापलेल्या हवेत त्या लांब मानेच्या टोकाला, बारीक भोकांच्या जाळीवर, पांढरा फेस जमत होता. एक बुडबुडा फुटे, दुसरा वर येई.

पहिला शिडकावा पाळण्यावर. मग लोकांवर. आमच्याकडं कायमचं असंच.

मथुराबाईच्या पुढं दाटीनं बसलेल्या बाया होत्या. तिनं पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं. "मावशीस्नी जरा हाक मारा."

"आत्ता? जनमाच्या टायमाला? गप बस की!"

ओरडता आलं असतं. एक हाक दिली असती तर देव वाचला असता. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं. गुलाबदाणीचं झाकण निघालं असतं, आणि वासानंच सारं सांगितलं असतं. कुंडलिकचा टाळ तिथंच सुटला असता. दोन्ही पारडी तिच्याच उरावर आली होती आणि बुवांचा आवाज चढत चालला होता.

"वारा थांबला," बुवा म्हणत होते. "सूर्य माथ्यावर येऊन उभा राहिला, त्यालाही पुढं जावंसं वाटेना..."

तिनं कुंडलिककडं पाहिलं. टाळ वाजवता वाजवता त्याची नजर तिच्यावर आली. तिनं नुसते डोळे गुलाबदाणीकडं फिरवले. तो वळला. फेस आता ओघळून मावशीच्या बोटांवर आला होता.

कुंडलिकचा टाळ एक मात्रा चुकला. बुवांनी मागं न बघताच ते ऐकलं असावं, कारण त्यांची मान किंचित कलली. पण शब्द ओठांवर आलेला होता.

"सियावर रामचंद्र की..."

"जय!" सारा मांडव उठला. गुलाल उडाला. बायांनी दोरी ओढली, पाळणा हलला, आणि रंभाबाईनं दोन्ही हातांनी गुलाबदाणी उंच केली.

टाळ खाली पडल्याचा आवाज झाला. कुंडलिक झेपावून पाळण्यासमोर आडवा आला. सगळा शिडकावा त्याच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर आला. उडणारा गुलाल त्या ओल्या अंगाला चिकटला.

"अरं मुडद्या!" रंभाबाई ओरडली. "देवाच्या आधी तू?"

मग वास पसरला. पुढच्या ओळीतून मागं, जयजयकार विझत गेला. पाळणा तेवढा आपल्या आपण हलत होता.

"आयला," सिद्धाप्पाच्या तोंडून निघून गेलं. "ही तर दारू!"

"कसली दारू?" रंभाबाई बावरली. "माझ्या हातचं गुलाबपाणी हाय त्ये! मी सोता भरलंय!"

कुंडलिकच्या तोंडावरून थेंब गळत होते. म्हातारीच्या अंगावर ढकललं असतं तर भागलं असतं. कुणा दुकानदारानं फसवलं असेल, म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून माणसं हसून घरी गेली असती. मथुराबाईला ती वाट दिसली. त्यालाही दिसली असणार.

"मावशीचं कायबी चुकलं न्हाय," कुंडलिक म्हणाला. "बाटली माझी हाय. घरात मी आणली."

त्यानं खिशातून माळ काढली आणि बुवांच्या पायाशी ठेवली. सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. मोकळा गळा सगळ्यांनी पाहिला.

बुवांनी वीणा खाली ठेवली नाही. "प्यालास?"

"व्हय. एक घोट. साह्यबाच्या हातचा."

"कशी लागली?"

हा प्रश्न कुणालाच अपेक्षित नव्हता. कुंडलिकनं तोंडावरचा गुलाल पुसला.

"कडू, बुवा. अजाबात आवडली न्हाय." मग हळू म्हणाला, "पर दुसरा घोट घ्यावासा वाटला. म्हनून तर उरलेली कुटं फेकता आली न्हाय. साह्यबाचा मान, साह्यबाचा मान म्हनून घरी घेऊन आलो."

सकाळी हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. ऐकताना मथुराबाईचं काळीज लकलकलं. आणि तरी, 'एक घोट' या शब्दांवर चार वर्षांत पहिल्यांदाच तिचा विश्वास बसला.

ती आत गेली. बाटल्या परत गोणपाटात घालून मांडवातून सरळ रस्त्यावर आली. बायांनी वाट दिली. पहिल्या बाटलीची तार सोडली तसं बूच तोफेसारखं उडालं आणि फेस तिच्या कोपरापर्यंत आला. ती एकेक बाटली उघडत गेली आणि धुळीत ओतत गेली. पिवळं पाणी गुलालाला भिडून लाल झालं. सिद्धाप्पा लांबून मान लांब करून बघत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "एखादी तरी म्हशीला..."

"म्हशीला का म्हशीच्या मालकाला?" मथुराबाई म्हणाली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. एक शेळी आली, तिनं ओल्या मातीला नाक लावलं, शिंकली आणि निघून गेली.

मथुराबाई परत आली तेव्हा कुंडलिक चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसला होता. खाली मान घालून, गुलालानं माखलेला.

बुवांनी माळ उचलली. ती मथुराबाईच्या ओंजळीत ठेवली. "आज नाही घालायची," ते म्हणाले. "ज्याला दुसरा घोट हवा होता त्याला ती उद्याही जड होईल. तुझ्याजवळ असू दे. हा रोज सांजेला माझ्याकडं येईल, भजनाला बसेल. केव्हा घालायची ते तू सांग, मी घालीन. मला विचारू नकोस. घरात झोपतो कसा, उठतो कसा, तुलाच दिसतं."

मंडळीतले एक वृद्ध पुढं झाले. "आणि टाळाचं, बुवा? नेम आहे."

"नेम आहे," बुवा म्हणाले. "माळ मोडली तर टाळ सुटतो. आणि देवावर येणारं ज्यानं आपल्या तोंडावर घेतलं, त्याचं काय, याचा नेम मला तरी कुणी सांगितलेला नाही. तुम्हाला ठाऊक आहे?"

वृद्ध मागं सरले नाहीत. बुवांनी वाट बघितली. अखेर त्या वृद्धांनीच वाकून पडलेला टाळ उचलला, उपरण्यानं पुसला आणि बुवांच्या हातात दिला.

"कुंडलिका," बुवांनी हाक मारली. "आरती राहिलीय. देव कधीचा ताटकळलाय."

रंभाबाई अजून गुलाबदाणी नाकाला लावून हुंगत होती. "मला तर कायबी वास येत न्हाय," ती ज्याला त्याला सांगत होती.

मथुराबाईनं माळ पदराच्या टोकाला घेतली, घट्ट गाठ मारली आणि ती गाठ कमरेला खोचली. मग घागरभर पाणी आणून नवऱ्याच्या डोक्यावर ओतलं. ओलाचिंब होऊन, बुवांच्या हातून टाळ घेऊन तो पाळण्यासमोर उभा राहिला. आरतीच्या पहिल्या ओळीला त्याचा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्या ओळीला टाळ लागला.