माझा भाऊ अडवतो

माझा भाऊ प्रीतम बास्केटबॉल खेळतो आणि त्याचेच पैसे घेतो. पण त्याने किती बास्केट केले, हे कृपया विचारू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं विचारून झालंय. गणपतीत मंडळाने त्याचा सत्कार केला, तेव्हा माइकवाल्याने मोठ्या हौसेने विचारलं, "एका मॅचमध्ये जास्तीत जास्त किती पॉइंट?" प्रीतम खरं बोलला, "सहा." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बाळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात तशा.

प्रीतमचं काम वेगळं आहे. समोरच्या टीममधला सगळ्यात भारी खेळाडू त्याच्या गळ्यात बांधतात. तो खेळाडू जितका वैतागेल, तितका प्रीतमचा दिवस चांगला गेला म्हणायचं. हे लहानपणापासूनच. कन्नमवार नगरच्या आमच्या दीड खोलीत मी शाळेला निघाले की हा दारात हात पसरून उभा. मी डावीकडे वळले की हा डावीकडे, उजवीकडे वळले तर हा तिथे आधीच. चिमटे काढले, केस ओढले, तरी हलायचा नाही. शाळेच्या पीटीच्या सरांनी बघितलं की पोरगा उंच आहे आणि चिकटही आहे, आणि त्यांनी त्याला उचलला. पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली, मग लीग आली, मुंबईच्या टीमने करार केला. प्रीतम बिनपगारी रजा टाकून लोकांना अडवायला देशभर फिरू लागला.

घरात एकच माणूस यावर नाराज होता. आमचे बाबा, चंद्रप्रकाश धुरी, विक्रोळीच्या कबड्डीतला एकेकाळचा डावा कोपरा. हे घोटाच धरतील म्हणून चढाईला आलेला गडी त्यांच्या बाजूला पाय टाकताना दोनदा विचार करायचा म्हणे. प्रीतमलाही त्यांनी मैदानात उभं करून शिकवलं होतं, आणि हा ऐन स्पर्धेच्या तोंडावर मंडळाचा संघ सोडून बास्केटबॉलला पळाला. त्यावर दोघांचं एकदाच बोलणं झालं.

"समोरच्याक अडवलंस तर पॉइंट किती?" बाबांनी विचारलं.

"अडवण्याचा पॉइंट नसतो, बाबा."

"गावत नाय? मग अडवतंस कित्याक?"

कबड्डीत पकड केली की गुण मिळतो. अडवणाऱ्याला जिथे काहीच मिळत नाही तो कसला खेळ, असं बाबांनी ठरवलं, आणि बाबांचं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. प्रीतमची एकही मॅच त्यांनी बघितली नाही. टीव्हीवर लागली तर उठून भाजी आणायला जायचे. इतकी भाजी आम्ही आयुष्यात कधी खाल्ली नव्हती.

यंदा प्रीतमच्या गुडघ्याने हात टेकले. टीमनेही सांगून टाकलं की पुढचा करार नाही. शेवटची मॅच अंधेरीत, पुण्याच्या टीमशी. आदल्या संध्याकाळी माझ्या घरी चहा पिताना प्रीतम म्हणाला, "जिंकू नाहीतर हरू गं, रेवती. मी काय करतो ते बाबांनी एकदा बघायला हवं होतं, बस."

"मग सांग ना त्यांना."

"मी नाही सांगणार."

बाप तसा लेक. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा थेट बाबांच्या दारात उभी केली आणि म्हटलं, "बसा. भाजी उद्या आणू." माझा चेहरा बघून ते मुकाट्याने बसले. जोगेश्वरी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र त्यांना कंठ फुटला आणि अंधेरी येईपर्यंत ते सरकारला, मेट्रोवाल्यांना आणि मला बोलत राहिले.

मॅच सुरू झाली. पुण्याचा देवव्रत म्हणजे लीगमधला हिरो. तो नेहमी मॅचला तीसेक पॉइंट सहज काढतो. प्रीतम त्याच्यासमोर वाकून उभा, हात पसरलेले. बाबा छताकडे बघत होते. मागे बसलेला एक टोपीवाला मोठ्याने म्हणाला, "हा सात नंबर काय करतोय यार? एक बास्केट नाय याचा! बाहेर काढा ना त्याला!"

सात नंबर म्हणजे आमचा प्रीतम. मी गर्रकन वळले. "ए, तुझ्या त्या हिरोचे किती झाले ते बघ आधी! चार! कोणामुळे?"

"गप ऱ्हव गो," बाबा म्हणाले. मला वाटलं, झालं, आता घरी चला म्हणणार. पण ते पुढे वाकले होते. "पाय बघ तेचे. पाय तर कोपऱ्याचे आसत."

मी बघितलं. इतकी वर्षं मॅच बघून मला जे दिसलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. गुडघे वाकलेले, टाचा किंचित वर, देवव्रत हलायच्या आधी सरकणारे. बाबांच्या कबड्डीच्या जुन्या फोटोत त्यांचे पाय असेच आहेत. मी भेळ आणली, ती बाबांच्या हातातच राहिली. लोक उड्या मारत होते, बोर्डवर आकडे पळत होते, आणि बाबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "येवंदे... येवंदे... हलू नको..."

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आपण एका पॉइंटने पुढे होतो आणि बॉल देवव्रतकडे होता. तो डावीकडून निघाला, प्रीतम तिथे. गिरकी घेऊन उजवीकडे वळला, प्रीतम आधीच तिथे. दुखऱ्या गुडघ्याने तो कसा सरकला देव जाणे. देवव्रतला पुढे जाता येईना, मागे वळता येईना, आणि घाबरून त्याने बॉल कोपऱ्यातल्या साथीदाराकडे फेकला. साथीदाराने तो तसाच उडवला. बॉल हवेत असतानाच भोंगा वाजला आणि बॉल जाळीतून खाली पडला. पुणे जिंकलं.

सगळं स्टेडियम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत एकच माणूस खुर्चीवर चढून जोरजोरात टाळ्या वाजवत होता.

"पकडल्यान!" बाबा ओरडत होते. "माझ्या झिलान पकडल्यान!"

सात नंबर यांचा मुलगा आहे हे कळून टोपीवाला आ वासून बघत राहिला. मी बाबांना खाली उतरवेपर्यंत ते पायऱ्या उतरून निघालेसुद्धा. सिक्युरिटीवाला आडवा आला, त्याला त्यांनी बगल दिली. प्रीतम मैदानावरच बसला होता, टॉवेलमध्ये तोंड खुपसून. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी त्याचा घोटा हातात धरला.

"काय धरलंस रे तेका! काय धरलंस!"

प्रीतमने टॉवेल बाजूला केला. बाबा इथे कसे, हे त्याला उमगेचना. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाबा," तो म्हणाला, "आपण हरलो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कधी?"

प्रीतम हसायला लागला, आणि हसता हसता त्याने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. मी पण रडले.