रिकामी झोळी हलवू नये

मी झोळी बोलतेय. भिक्षेकऱ्याच्या खांद्यावरची नव्हे. छपराच्या वाशाला टांगलेली, लेकरू निजवायची.

जन्माने मी साडी. रोह्याच्या बाजारात हौसाच्या आईने मला घेतलं, तेव्हा माझा रंग भाजल्या विटेसारखा होता. मला नेसून तिने आपल्या गावात कित्येक हंगाम भात झोडलं, वाल निवडले. धुऊन धुऊन मी मऊ झाले. हौसा बाळंतपण उरकून सासरी निघाली, तेव्हा आईने मला तिच्या पिशवीत घातलं. "नवं कापड पोराला टोचतं गो. ही ने."

अशी मी पेणच्या बाजूला, धरमतरच्या खाडीकाठी आले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर हौसा आणि तिचा नवरा नाथा मिठागरावरच्या झोपडीत राहायला गेले. नाथाची आई चंद्रावती सोबत आली. तिनेच मला वाशाला बांधलं आणि हौसाला बजावलं, "रिकामी झोळी कदी हलवू नको. पोराच्या पोटात दुखतं."

अंगणवाडी मागे गावात राहिली. पाणी ड्रमातून यायचं. दोघं नवरा-बायको दिवसभर उन्हात मीठ ओढायची आणि दीड वर्षाचा प्रणित माझ्यात असायचा.

माणसं पोराला डोळ्यांनी बघतात. मला डोळे नाहीत, पण तो मला सगळाच्या सगळा कळायचा. त्याला ताप आला की मी तापायचे. खोकल्याचा हिसका थेट माझ्या गाठीला बसायचा. जुलाबाने मी भिजायचे. वाहत्या कानाचा पिवळा डाग माझ्या एका अंगाला पडायचा, आणि खरजेने तो पाठ माझ्यावर घासत राहायचा. एक दुखणं गेलं आणि मग दुसरं आलं, असं कधीच नव्हतं. सगळी एकदमच मुक्कामाला होती.

पण दवाखान्यात सगळ्यात मोठं दुखणं तेवढं सांगायचं, ही घरची रीत. एका खेपेला खोकल्याची बाटली आली, पुढच्या खेपेला जुलाबाच्या गोळ्या. नाथा हसला, "पोर हाय का मेडिकलचं दुकान?"

चंद्रावती हसली नाही. "दोन औषदं एका पोटात भांडतात गो हौसा. आदी खोकला जाऊ दे, मग जुलाबाचं बघू. आन् जुलाब हायत तवर खायाला घालू नको. पेजेवरचं पाणी दे नुसतं."

"पन आई, त्यो भुकेला हाय."

"भुकेनं कोन मरत नाय. खाऊन मरतात."

तिची माया खोटी नव्हती. मला झोके देऊन देऊन तिच्या मनगटात कळ यायची, तरी ती थांबायची नाही.

पुढे प्रणितचं रडणं कमी झालं आणि मी जड होऊ लागले. एका सकाळी हौसाने त्याला उचललं आणि तिचा चेहरा उजळला. "आई, बघा तरी! पोर भरलंय. गाल कसं वर आलंत!" नाथाने त्या दिवशी खुशीत खाडीच्या चिखलातली निवट्यांची मासळी पकडून आणली.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. भरलेलं पोर लाथा झाडतं. हा जड झाला आणि पाय हलवेनासा झाला. पण कापडाला तोंड नसतं.

गावच्या उपकेंद्रातली वैशाली सिस्टर बांधावरून चालत झोपडीत आली, ती लसीचं विचारायला. तिने प्रणितच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"वहिनी, हे बाळसं नाही, सूज आहे. काय काय होतंय याला?"

"खोकला."

"आणि?"

"जुलाब. मदीमदी."

"आणि?"

हौसा थांबत थांबत सांगू लागली. कान. खरूज. रातीचा ताप. पुढच्या 'आणि?'ला तिला रडू फुटलं. "खायाला नाय दिलं, ताई."

"ही दुखणी सुटी सुटी नाहीत, वहिनी. उपाशी अंगाला काहीही धरतं, आणि धरलं की पोर आणखी खंगतं. आत्ता निघायचं."

नाथाने मोटरसायकल काढली. हौसा पोराला पदरात घेऊन मागे बसली. मी रिकामी राहिले.

त्या झोपडीला दार नव्हतं. खाडीचा वारा आत आला आणि मी हलू लागले. चंद्रावती धावली, माझा काठ मुठीत धरून माझ्याखाली बसली. तिने चूल पेटवली नाही. बसल्या जागी डोळा लागला तरी मूठ सुटली नाही. "त्याच्या पोटात नको दुखाया," एवढंच पुटपुटायची.

दुसरा दिवसही तसाच गेला. मग बांधावर मोटरसायकल वाजली. नाथा एकटाच आत आला. त्याने औषधाच्या बाटल्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आये," तो म्हणाला, "सोड ती आता. दुखाया पोर ऱ्हायलं नाय."

म्हातारीची मूठ उघडायला वेळ लागला.

मिठाचा हंगाम अजून चालू आहे आणि मी वाशालाच आहे. मला सोडवायला कुणाचा हात उठत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी टांगलेली असेल, तर तिच्यातल्या पोराचं एकच दुखणं सांगून दवाखान्यातून उठू नका. कुणी 'आणि?' विचारलं नाही, तरी सगळं सांगा. आणि आजारी पोराचा घास तोडू नका.

संध्याकाळी खाडीचा वारा सुटतो. मी हलते. चंद्रावती समोरच बसलेली असते. आता ती मला धरत नाही.