परतीची दोरी

छोटी आता ताईपेक्षा हातभर उंच झाली होती, तरी टीममध्ये सगळे तिला छोटीच म्हणत. थोरलेपणाचा मान काय तो तेवढ्यातच उरलाय, असं ताईला वाटे. सलग तीन वर्षं स्पर्धेच्या रोबोची, कडं उचलून खुंटीवर टाकणारी लिफ्ट ताईने केली होती. दोरीचीच, पण जड, दणकट, बैलासारखी मुकाट ओढणारी. यंदा सरांनी धाकट्या बहिणीचं डिझाइन उचललं: एकात एक सरकणाऱ्या चार पट्ट्या, दोरी, कप्प्या आणि टोकाला लांब होणारा हात.

"हलकी आहे," सर म्हणाले. "पण आज चाचणीत अडकली, तर ताईची जुनीच लावायची."

झालं. ताई त्या लिफ्टमध्ये खोट शोधायला बसली आणि तिला ती सापडलीही. मोटरीच्या रिळावरून एकच दोरी वर गेली होती. खाली ओढणारी दुसरी दोरी नव्हतीच. दोरी ओढते, ढकलत नाही. हात लांब केला की पट्ट्या तिरक्या होऊन आवळतात, आणि वर गेलेली लिफ्ट नुसत्या वजनाने खाली येत नाही. ताई हे पहिल्याच वर्षी हात पोळून घेऊन शिकली होती. सांगायला दोन शब्द पुरले असते, पण तिने तोंडाला कुलूप लावलं. घरी कौतुक तिचं, इथेही कौतुक तिचंच. माणसाने जळायचं तरी किती? होऊ दे की एकदा तिचीही फजिती.

लिफ्ट वर गेली, आणि इतकी सुरेख गेली की ताईच्या पोटात दुखलं. हात लांब झाला, कडं अलगद खुंटीवर पडलं. मग छोटीने खाली आणायचं बटण दाबलं. मोटर फिरली, दोरी सैल पडून रिळावर तिचा गुंता झाला आणि लिफ्ट वरच अडकून राहिली.

"ताई," छोटी गोंधळून म्हणाली, "परतीची दोरी लावली नाहीस?"

"मी?"

"दरवर्षी तूच लावतेस ना. तुझ्यासारखा ताण मला नाही जमत. म्हणून तर खालची कप्पी तुझ्यासाठी मोकळी ठेवली होती."

ती रिकामी कप्पी ताईने मघाशीच पाहिली होती. बावळट, कप्पी लावून दोरी विसरली, असं म्हणून मनात हसलीही होती.

"ताई, तुझी जुनी काढ," सर म्हणाले.

"माझीच चूक, सर. मी तिला सांगायला हवं होतं," छोटी म्हणाली.

चूक अंगावर घेण्यातही कार्टीचाच पहिला नंबर.

जुनी लिफ्ट समोरच्याच फळीवर होती. ताईने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा कप्पीकडे.

"तिची चूक नाही, सर. मला दिसलं होतं. मी गप्प बसले." मग बहिणीकडे न बघताच म्हणाली, "दोरी दे इकडे."

या वेळी लिफ्ट वर गेली तशीच सुळकन खाली आली. टाळ्या छोटीला पडल्या. ताईनेही वाजवल्या, जरा कमीच.