तानुबाईचं गाडगं

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. आमच्या असोद्याच्या मेघाची कथा सांगतो. सांगता सांगता माझाच पाय ठेका धरू लागला तर हसू नका.

मेघा नर्स. नेमणूक चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या सरकारी दवाखान्यात. वर पाड्यावर पावरा लोकांची वस्ती. तिथली रेलू पोटुशी, अंगात रक्त कमी. घरी बाळंत होणं जिवावरचं. मेघा दोनदा चढून गेली, रक्ताचे आकडे सांगून आली. सासू तानुबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नाही येणार."

पुढच्या खेपेला मेघा आकडे विसरून ओट्यावर बसली. "मावशी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

तानुबाईने तिला निरखून पाहिलं. "मोठा नातू तुमच्याकडेच झाला. मला बाहेर उभं केलं. त्याच्यामागून पडलेली वार मागितली, तर म्हणे कचऱ्यात गेली. आम्ही वार दारापाशी पुरतो, बाई. पोराची जागा ती. आता तो झोपेत दचकतो. त्याची जागा कुठे शे?"

मेघा तडक उतरली ती डॉक्टर दिपमाला मॅडमसमोर. मॅडम म्हणाल्या, "आईने मागितली तर वार तिची. नीट झाकून द्या. आणि सासू आत बसेल." मेघा तोच निरोप घेऊन पुन्हा पाडा चढली.

आणि काय सांगू! एका सकाळी धुरळा उडवत जीप फाटकात शिरली. कळा देणारी रेलू, तिला धरून तानुबाई, मांडीवर फडक्याने तोंड बांधलेलं नवं गाडगं. मेघाने वारेसाठी हौसेने आणलेला स्टीलचा डबा पुढे केला. त्या धांदलीतही तानुबाई हसली, "ह्यात काय, भाकरी न्यायची?"

तानुबाई उशाशी बसली, पावरी बोलीत गुणगुणत राहिली. रेलूने तिचा हात पिळून काढला. आणि मुलगी! काय तो आवाज, पखवाजावर पहिली थाप पडावी तसा! रक्तही आवरलं.

मेघा वळली, तर वारेचा ट्रे रिकामा. सफाईवाल्या पुष्पाबाईने सवयीने आवरून कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर नेली होती. फाटकात रुपचंदभाऊची कचऱ्याची गाडी घरघरत होती.

मेघा अनवाणी धावली. "रुपचंदभाऊ, थांबाऽऽ!"

"अहो सिस्टर, कचऱ्यासाठी एवढी धाव?"

"कचरा नाही भाऊ, पोरीची जागा शे ती!"

नशीब, पिशवीत दुसरं काही नव्हतं. मेघाने धापा टाकत ती तानुबाईपुढे धरली. "मावशी, पुन्हा चुकणार होतो आम्ही."

"धावलीस ना," तानुबाई म्हणाली आणि आपल्या हाताने वार गाडग्यात ठेवली.

दुपारी पाड्यावर दारापाशी खड्डा खणला. मेघा पुढे झाली, "मी ठेवू?"

"नको. हे आमचं. तू बस, बघ."

मेघा मागे सरकून बसली. फोटोसाठी मोबाईलही बाहेर काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या ओसरीवर वरच्या पाड्याची दुसरी पोटुशी बाई दिसली. सोबत तिची आई, आईच्या मांडीवर नवं गाडगं. मेघाने या वेळी डबा दाखवलाच नाही. आधी पुष्पाबाईला हाक मारली.

आता आरतीला उठाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा तानुबाईच्या मोठ्या नातवाची आठवण ठेवा हो. त्याची वार कुठे गेली, ते कोणालाच ठाऊक नाही.