शंभरावा पाय

मिस्त्रीला कशाची किळस म्हणून येत नसे. इस्पितळाच्या मागच्या अंगणात कृत्रिम पायांचा छोटा कारखाना होता. तिथं सव्वीस वर्षं तो त्या पायांना आतून मऊ रबराचं अस्तर बसवत आला होता. माणसं आपला पाय काढून त्याच्या हातात देत, घामानं आंबलेला, कधी पू लागलेला. मिस्त्री तो नाकाशी धरून सांगे, "अस्तर डावीकडे घासतंय, म्हणून वास मारतोय." मग हात धुऊन तिथंच डबा उघडून जेवायला बसे. शेजारच्या बाकावरचा सुतार म्हणायचा, "मिस्त्री, तुझं नाकसुद्धा खोटंच असणार. इथंच बनवलेलं."

अशा माणसाला त्या वर्षी शिसारी आली, आणि तीही एका कोऱ्या-करकरीत कागदाची.

त्याचं झालं असं, की मिस्त्रीच्या वहिनीला चौदा वर्षांपासून साखरेचा आजार. मिस्त्री सात वर्षांचा असताना ती लग्न होऊन घरात आली होती. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला अक्षर ओळखायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. दादा गेल्यापासून ती मिस्त्रीच्याच घरी राही. तिच्या पायांची जाणीव जाऊन सहा वर्षं झाली होती. पायावर तेल उडालं तरी ते तिला डोळ्यांनी बघूनच कळायचं. मागल्या वर्षी डाव्या पायाची करंगळी गेली. आता त्याच पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती, आणि चार महिने दर मंगळवारी ड्रेसिंग चाललं होतं.

एका मंगळवारी सिस्टरनं पट्टी काढली, भिंग धरून पाहिलं आणि मान वर केली.

"मावशी, जखम मिटली. पण हरखून जाऊ नका. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी आहे. या सपाट चपलांनी चाललात तर महिन्याच्या आत उघडेल, आणि या खेपेला हाडाला लागलं तर डॉक्टर पाय ठेवणार नाहीत. मऊ रबराच्या तळाचे जोडे हवेत. अंगठ्याखाली खळगा केलेले."

"बाजारात मिळतात?" मिस्त्रीनं विचारलं.

सिस्टरनं किंमत सांगितली. वहिनी म्हणाली, "त्यापेक्षा मी हातांवर चालते. हात अजून फुकट आहेत."

मिस्त्री हसला नाही. सिस्टर सांगत होती ते रबर त्याच्या रोजच्या हाताखालचं होतं. पायाच्या अस्तराला तेच लागायचं. त्याच्या गुंडाळ्या समोरच्या स्टोअरमध्ये छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि बाहेर ते सुटं कुठंच मिळत नव्हतं. उरलेले तुकडे खिशात घालून न्यायला त्याला कुणी अडवलं नसतं. पण सव्वीस वर्षांत त्यानं तिथली सुईसुद्धा घरी नेली नव्हती. शिवाय तुकड्यांचा तळ म्हणजे सांधा आला, सांधा म्हणजे कड आली, आणि ती कड नेमकी जिथं टोचू नये तिथं टोचणार. अखंड रबरच हवं होतं. तो सरळ स्टोअरकीपरकडे गेला.

स्टोअरकीपर गोड माणूस. कधी आवाज चढवायचा नाही. त्यानं आधी चहा मागवला, मग सगळं ऐकून घेतलं.

"अहो मिस्त्री, ते अस्तराचं रबर. ज्याचा पाय कापलाय त्यालाच देता येतं."

"साहेब, वेळेवर मिळालं तर कापावाच लागणार नाही."

"मग तर त्या आपल्या योजनेत बसतच नाहीत." त्यानं बिस्कीट चहात बुडवलं. "असं करा, आधी होऊन जाऊ दे. मग या, दोन दिवसांत देतो. मी कधी तुम्हाला नाही म्हटलंय?"

हे तो अगदी मायेनं म्हणाला. मिस्त्रीनं चहा तसाच ठेवला.

"निदान अर्जाचा कागद तरी द्या, साहेब," तो म्हणाला.

अर्जाचा नमुना एकच होता. मिस्त्रीनं तो बाकावर बसून भरला. आजार, मधुमेह. पाय, डावा. पुढचा रकाना होता 'कुठून कापला'. कापलाच नव्हता, म्हणून त्यानं तो रिकामा ठेवला. खाली जागा होती तिथं ठळक अक्षरांत लिहिलं, की पाय शाबूत आहे आणि तो शाबूत राहावा म्हणून मऊ तळाचे जोडे मिळावेत. सिस्टरनं सही केली.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. जिथं चाकाच्या खुर्चीला आठ महिने लागत तिथं चार दिवसांत! मिस्त्री हरखला, आणि मग त्यानं वाचलं. वहिनीच्या नावानं एक कृत्रिम पाय मंजूर झाला होता. डावा. रिकाम्या रकान्यात कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'गुडघ्याखालून'. बहुतेकांचा तिथूनच जातो, म्हणून लिहून टाकलं असणार. खालची ठळक अक्षरं कुणी वाचलीच नव्हती. त्यांच्यावरच शिक्का मारला होता.

तो कागद हातात धरून मिस्त्री तसाच उभा राहिला. पू लागलेले पाय त्यानं छातीशी धरले होते, पण हा कागद त्याला बोटांच्या टोकांनी धरावासा वाटला.

"साहेब, चूक झालीय."

स्टोअरकीपरनं कागद पाहिला आणि पहिल्यांदाच दार लोटून घेतलं.

"मंजुरीला चूक म्हणता? तुम्हाला रबर हवं होतं ना? हे घ्या रबर. गुरुवारी समारंभ आहे. वर्षात शंभर पाय द्यायचे ठरलंय आणि काल आपण नव्याण्णववर अडकलो होतो. तुमच्या वहिनी शंभराव्या."

"त्यांचा पाय आहे, साहेब."

"असू दे की. आपलं काही म्हणणं नाही. फक्त गुरुवारी त्यांना घेऊन या. नाही आल्या तर मंजुरी रद्द, आणि रबर परत."

घरी येऊन मिस्त्रीनं वहिनीला सगळं सांगितलं. तिनं आपल्या पायाकडे बघितलं.

"माझा पाय गेला आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

"वहिनी, चेष्टा नको. मला ओकारी येतेय. तू म्हण, मी उद्या रबर परत करतो."

"आणि पाय? तो पण परत करू?" ती म्हणाली. "भाऊजी, लाज त्यांना वाटू दे. तुम्ही माप घ्या."

मिस्त्रीनं तपकिरी कागद अंथरला आणि तिचा पाय त्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. चार बोटं. सव्वीस वर्षं त्यानं कापलेल्या पायांच्या खुंटांची मापं घेतली होती, गोल आणि मुकी. बोटं असलेलं माप तो विसरूनच गेला होता. दोन दिवस खपून त्यानं जोडे केले. पुढून उघडे, रुंद पट्ट्यांचे, एकही खिळा नाही, अंगठ्याखाली बशीसारखा खळगा. वहिनी घरभर चालली. सिस्टरनं तळवा तपासला, कुठं लाली नव्हती.

गुरुवारी सकाळी सभागृह भरलं. पाठीमागे फलक होता, 'शंभर पाय, शंभर पावलं पुढे'. पाय मिळालेली माणसं पुढच्या रांगांत बसवली होती आणि त्यांना विजारी दुमडून ठेवायला सांगितलं होतं, फोटोत पाय दिसावेत म्हणून. एक म्हातारा पुन्हा पुन्हा विजार खाली सोडत होता आणि एक बाई येऊन ती पुन्हा दुमडत होती. मिस्त्रीनं मान फिरवली.

पाहुणे एका मोठ्या कंपनीचे कुणी होते. ते बराच वेळ बोलले. मग शंभरावं नाव पुकारलं गेलं. वहिनी उठली आणि पायऱ्या चढून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगांतून मात्र एकही टाळी आली नाही. खोटा पाय पायरी कशी चढतो हे त्यांना ठाऊक होतं.

"वा!" पाहुणे म्हणाले. "चाल बघा! यातला खोटा कुठला?"

"डावा," स्टोअरकीपर कागद बघून म्हणाला.

पाहुणे वाकले. "कमाल आहे! कातडीला सुरकुत्यासुद्धा! नखं बघा, नखं!" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण बोटं चारच?"

"करंगळी राहिली, साहेब," वहिनी म्हणाली.

"पुढच्या वेळी पाच करा हं. एवढं केलंय तर तेवढ्यासाठी कशाला कमी?" सगळे हसले. पाहुण्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याचं टोक अंगठ्याशेजारी दाबलं. "कळतं का काही?"

"नाही," वहिनी म्हणाली. आणि ते खरं होतं.

"बघा!" पाहुणे सभेकडे वळले आणि पेन अजून जोरात दाबू लागले.

मिस्त्री स्टेजच्या कडेला उभा होता. कांद्याचा पापुद्रा. पेनचं टोक त्यापासून बोटभर अंतरावर होतं. तो कसा वर चढला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं पाहुण्यांचं मनगट धरलं.

"साहेब, हात काढा. तो पाय खरा आहे."

पाहुणे दिलखुलास हसले.

"ऐकलंत? याला म्हणतात कारागिराचा अभिमान! खरा आहे म्हणतो!"

"खराच आहे. कापलेला नाही. हे नुसते जोडे आहेत. कागद चुकीचा आहे."

"अगदी खराच वाटतो!" पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला फोटोवाल्याकडे वळवलं. टाळ्या इतक्या वाजल्या, की मिस्त्री पुढं काय बोलला ते वहिनीशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. ते इथं लिहिण्यासारखंही नाही.

फोटोत पाहुणे हसताहेत, स्टोअरकीपर हसतोय, आणि मिस्त्रीचं तोंड कुजकं काही खाल्ल्यासारखं झालंय. तो फोटो अजून व्हरांड्यात लावलेला आहे.

मागच्या खोलीत सिस्टरनं भिंग धरलं. अंगठ्याशेजारी शाईचा निळा ठिपका होता. तिनं तो हलकेच पुसला. खाली कातडी अखंड होती.

"वाचला," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग दाराकडे बघत म्हणाली, "मिस्त्री, बाहेर ड्रेसिंगला अकराजण आहेत. काहींचं येत्या महिन्यात ठरेल, पाय राहतो की जातो. त्यांना काय सांगू?"

मिस्त्रीनं नळावर हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले, कोपरापर्यंत. पाहुण्यांच्या अत्तराचा वास जाता जात नव्हता. सुताराला सांगायला हवं होतं, की नाक खरं आहे.

"पाठवा एकेकाला," तो म्हणाला.

पहिला आला तो ट्रकचालक. उजव्या टाचेला पट्टी, चेहरा भेदरलेला. मिस्त्रीनं त्याच्यापुढं अर्ज ठेवला.

"सगळं खरं लिहा. नाव, पत्ता, आजार, कुठला पाय. खाली लिहा, पाय शाबूत आहे, जोडे हवेत. ठळक लिहा."

ट्रकचालकानं जीभ दातांत धरून लिहायला सुरुवात केली. मधल्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"इथं 'कुठून कापला' विचारलंय."

"तो रिकामा सोडा," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज कडू झाला होता. "तो त्यांचे ते भरतात."

त्यानं तपकिरी कागद जमिनीवर अंथरला आणि गुडघे टेकून बसला.

"ठेवा पाय. हलू नका."