एकेरी शिवण

दोघी बहिणी अंतराळवीरांचे पोशाख शिवायच्या. ताईकडे हातमोजे, धाकटीकडे बाह्या. नऊ वर्षांपूर्वी निर्वात खोलीतल्या चाचणीत एक हातमोजा उसवला आणि आतला वैमानिक गेला. चौकशीत मुख्य अभियंत्यानं ताईकडे बोट दाखवलं. म्हणाला, शिवण कच्ची होती. खरं तर उड्डाणाची तारीख गाठायची म्हणून दुहेरीऐवजी एकेरी शिवण मारा, असा हुकूम त्यानंच दिला होता, तोही तोंडी.

ताईला काढून टाकलं. "यान वर गेलं की नाव त्यांचं, माणूस मेला की हात आपला," एवढंच ती म्हणाली. तिनं अंथरूण धरलं ते कायमचंच.

धाकटी तिथंच राहिली. दात-ओठ खात, पण मान खाली घालून काम करत पोशाख विभागाची प्रमुख झाली.

यंदा मुख्य अभियंता स्वतःच वर जाणार होता. "अंतराळ आता सामान्य माणसाचं," असं सगळीकडे सांगत सुटला होता. शेवटच्या चाचणीला तो तिच्या तावडीत सापडला. पोशाखात हवा भरली की हात धड वाकत नाहीत, हेल्मेट बाहेरूनच उघडतं, आणि आतला शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो.

"झालं ना? उघडा," तो म्हणाला.

"एकेरी शिवण कुणी मारायला लावली, साहेब?"

"हा काय फाजीलपणा?"

"हवा आठ तासांची आहे. मला घाई नाही."

नोकरी घालवीन, तुरुंगात टाकीन, असं तो ओरडत राहिला. दाराशी एक तंत्रज्ञ होता. त्याला सुई धरायला ताईनंच शिकवलं होतं. तो जागचा हलला नाही.

चाळीस मिनिटं गेली. घाम त्याच्या डोळ्यांत उतरला, पुसता येईना.

"मी सांगितलं होतं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. कुणाला, तेही सांगा."

त्यानं ताईचं पूर्ण नाव घेतलं. मगच तिनं हेल्मेटचा खटका दाबला.

रेकॉर्डिंग तिनं वैमानिकाच्या बायकोच्या हातात नेऊन दिलं. जबरदस्तीनं वदवून घेतलं, असा त्यानं कांगावा केला. पण चौकशी पुन्हा उघडली, आणि इतकी वर्षं गप्प बसलेल्या, शिवणकाम करणाऱ्या दोघीजणी साक्षीला उभ्या राहिल्या. त्याची जागा गेली. तिची नोकरीही गेली.

उड्डाणाच्या दिवशी ती रस्त्यावरच्या गर्दीत होती. यान उचललं, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. "आपण चाललो वर!" शेजारची बाई रडत म्हणाली.

तिनं वर पाहिलंच नाही. समोरच्या इमारतीत, आपल्या घराच्या खिडकीपाशी अभियंता एकटाच उभा होता. त्यानं पडदा ओढेपर्यंत ती त्याला डोळे भरून बघत राहिली.